पायात उतरलेलं दूध

चाळीस दिवस! बाळंतिणीनं चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही, ठीक आहे, मान्य. आमच्या तिमोक नदीकाठच्या गावांत सगळ्याच पाळतात. पण पलंगावरूनही उतरायचं नाही, हे कुठल्या शहाण्यानं सांगितलं?

घरोघरी जाऊन बाळंतिणी तपासणं हे माझं काम. एकोणतीस वर्षं करतेय. दुन्याला पहिल्यांदा पाहिलं सहाव्या दिवशी. पोट फाडून बाळंतपण, अंगानं जड, आणि दोन्ही पायांवर गाठीगाठींच्या निळ्या शिरा. तिच्या सासूला, स्तामेनकाकाकूंना, मी बजावलं होतं: हिला घरातल्या घरात चालवा, पाणी भरपूर पाजा, आणि हे घट्ट मोजे दिवसभर पायात हवेत. "हो गं वेरके, हो," म्हणाल्या.

बाराव्या दिवशी गेले तर खोलीत राकियाचा भपकारा. दुन्या आडवी. तिच्या डाव्या पायाला काकूंनी त्याच घरच्या दारूत भिजवलेली कोबीची पानं लावलेली, आणि बाह्या सरसावून त्या पोटरी चोळत होत्या. कणीक तिंबावी तशी!

"हात काढा आधी!" मी ओरडले.

"अगं, दूध पायात उतरलंय. चोळल्याशिवाय वर कसं चढेल?"

"गायीचं तरी उतरतं का हो पायात?"

पानं काढली. डावी पोटरी उजवीच्या दीडपट, गरम, लालसर. "परवापासून ठणकतंय, ताई," दुन्या रडवेली होऊन म्हणाली. "आई म्हणतात, उठलीस तर मरशील."

"मोजे कुठायत?"

"कपाटात," काकू म्हणाल्या. "घट्ट बांधलं की दूध आटतं. आणि शिरांचं काय कौतुक? माझ्याही फुगल्यात, माझ्या आईच्याही होत्या. कोण मेलं?"

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. मग जे तोंड सोडलं ते सोडलंच. "नुसत्या शिरांनी नाही कुणी मरत! पण त्यावर ताजं बाळंतपण, त्यावर पोटाचे टाके, त्यावर बारा दिवस ओंडक्यासारखं निजवणं! रक्त वाहायचं कसं? साकळणारच ना पायात!"

दारातून तिचा नवरा नेबोयशा पुटपुटला, "आईला असं बोलू नका हो."

"तू गप रे! बायकोचा पाय भोपळ्यासारखा सुजलाय आणि तुला आईचं पडलंय. जा, फाटक उघड!"

तो गेला. काकू मात्र पलंगाची कड धरून उभ्याच. "मी हिला जाऊ देणार नाही. माझी बहीण ल्युबा सतराव्या दिवशी उठली. अंगणात आली, छातीला हात लावला आणि माझ्यासमोर कोसळली. चाळीस दिवस पाळले नाहीत म्हणून."

"पाय सुजला होता तिचा?"

"हो. दूध उतरलं होतं."

"दूध नव्हतं ते! ती उठली म्हणून नाही मेली, काकू. सतरा दिवस निजवून ठेवली, पायात गुठळी धरली आणि तीच सुटून छातीत गेली."

बोलून गेले. काकूंनी पलंगाची कड सोडली. दुन्याला उचलून नेलं तेव्हा त्या मध्ये आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सांगायला गेले: गुठळी मांडीपर्यंत चढली होती, पण जागेवरच होती. इंजेक्शनं चालू आहेत, पोरगी वाचली. काकू चुलीपाशी बसल्या होत्या. बाळ त्यांच्या मांडीवर होतं.

"ल्युबाचा पाय मीच चोळायचे गं," त्या म्हणाल्या. "सोळा वर्षांची होते. सकाळ-संध्याकाळ, जीव लावून. वेरके, खरं सांग. चोळल्यानं सुटते का ती गुठळी?"

कालचा सगळा राग आता कुणावर काढणार होते? नाही म्हणावं, म्हातारीला सुखानं मरू द्यावं, असं अगदी ओठावर आलं होतं.

पण गावात कुणाचाही पाय सुजला की चोळायला काकूंनाच बोलावतात. आणि समोरच्या घरातल्या सुनेला सातवा महिना होता.

"सुटू शकते, काकू," मी म्हणाले, आणि त्यांचे हात सैल पडायच्या आत मांडीवरचं बाळ पटकन उचलून घेतलं.