हल्याची पेज

महागू आपल्या हल्याचं दावं ओढत थेट शाळेच्या पडवीत शिरला, तेव्हा आमची पीटी चालू होती. साल असंल बासष्ट. यातलं निम्मं खोटं वाटलं तर निम्मंच ऐका. कोणतं निम्मं, ते मले विचारू नका.

"गुरुजी, हा रेडा पाहा! बरगड्या मोजून घ्या याच्या!"

खेमराज गुरुजी किरनापूरहून नवेच आलते. आमच्या काडीसारख्या तंगड्या पाहून त्यांनी फर्मान काढलं होतं: सकाळी तरोट्याची भाजी खायची, भाताची पेज प्यायची, अन् मग कसरत. आता आमच्याकडं पेज म्हंजे हल्याची हक्काची. पण महागूची सीता रोज हल्याच्या आधी पेजेच्या गंजापाशी पोचायची.

"पोरगी टुनटुनीत झाली अन् हल्या रुसून बसला. धानाच्या बांधीत पायच टाकत नाही! जोडीतला दुसरा एकटा काय करंल? तिकडं धानाची रोपं, पऱ्हे पिवळे पडून राह्यले, रोवणीचा चिखल कोन करनार? उद्यापासून सीता शाळेत येनार नाही!"

सीतेचे डोळे भरून आले. गुरुजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"महागूभाऊ, पेज ज्यानं पेली, चिखलही त्यानंच करावा. कोनती बांधी?"

"आँ?"

झालं! आम्ही पन्नास पोरं महागूच्या बांधीत. गाव मध्य प्रदेशातलं, म्हणून शाळा हिंदी, तर हुकूमही हिंदी. "कदमताल! एक-दो, एक-दो!" चिखल असा उडाला की पार सडकेवरून जाणाऱ्या राजेगावच्या मोटारीची काच माखली. "दाहिने मुड!" सगळे वळले. सीता सगळ्यांच्या पुढं, ढोपरभर गाळ तुडवत.

हल्या बांधावरून पाहत होता. कान हलले. शेपूट हललं. अन् "आगे बढ!" म्हणताच गडी धाडकन खाली उतरला, सीतेच्या मागं, रांगेत!

"अवं, माहा हल्या!" महागू धावला.

त्याच्या बायकोनं, तुळसाबाईनं, त्याचं धोतर धरलं. "काहून अडवता? शिकून राह्यला न तो!"

सूर्य डोक्यावर यायच्या आत बांधी लोण्यावानी झाली. महागूनं हात जोडले.

"सीता येईल उद्या. पेज बी पेईल. पन गुरुजी, हजेरीत हल्याचं नाव बी लिहा."

त्यानंतर हल्यानं मराठीत नांगर कधी ओढला नाही. "पीछे मुड!" म्हटल्याशिवाय बांधीच्या कडेला, धुऱ्यावर वळायचाच नाही. अन् चुलीवरून पेज उतरली की महागू आधी सीतेले हाक मारायचा. हल्या तिच्या मागं उभा, कदमताल करत, आपली पाळी येईस्तोवर.