रुखवतावरचं नाव

उन्हाळा लागला की न्हावऱ्याच्या हनुमंताच्या स्लॅबवर पाय ठेवायला जागा नसते. कुरडया ऊन चढायच्या आत घालून व्हाव्या लागतात, नाहीतर चीक आवळतो आणि सोऱ्यातून उतरत नाही. त्या सकाळी हनुमंताची धाकटी भावजय स्वप्नाली गरम चीक सोऱ्यात भरून जुन्या साडीवर एकेक कुरडई घालत होती. तिची थोरली जाऊ, हनुमंताची बायको प्रतिभा, खालून पातेली वर आणून देत होती. सासू अनसाबाई काठी घेऊन कावळे हाकत बसली होती.

दारात गिऱ्हाइकाची गाडी थांबली. स्वप्नालीनं पदराला हात पुसले आणि मागच्या जिन्यानं उतरून ती गोठ्यात जाऊन बसली. प्रतिभानं कुंकू ठीकठाक केलं, हिरव्या बांगड्या पुढं ओढल्या आणि सोऱ्या स्वतःच्या हातात घेतला.

हे काय नाटक, असं तुम्ही विचाराल. विचारू नका, तुम्हाला माहीत आहे. नवरीबरोबर जे रुखवत मांडतात, त्यातल्या कुरडया, शेवया, पापड सवाष्णीच्याच हातचे लागतात. स्वप्नालीचा नवरा रोहिदास नगर रोडवर अपघातात गेला, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून तिनं घातलेली कुरडई अशुभ आणि तीच कुरडई जावेनं पाटीत भरून दिली की शुभ. बाईच्या हाताला नवरा असल्या-नसल्याची चव येते की काय, देव जाणे!

धंदा मात्र जोरात होता. दौंडपासून शिरूरपर्यंत लग्नघरं शोधत यायची. महिन्यापूर्वी दौंडच्या एका नवरीच्या आईनं तर ऑर्डर देताना प्रतिभाची ओटी भरली, खणानारळाची, आणि म्हणाली की तुमच्या हातात लक्ष्मी आहे. स्वप्नाली तेव्हा गोठ्यात, चिकाचे हात वाळवत बसलेली. रात्री जेवताना प्रतिभानं ती गंमत हसत हसत सांगितली. स्वप्नालीही हसली. पण हसताना तिनं मान खाली घातली, ते प्रतिभाला दिसलं, आणि त्या दिवसापासून प्रतिभाला घास गोड लागेना. नवऱ्याला ती काही बोलली नाही. बोलायची लाज वाटली म्हणा ना.

अशात कारेगावच्या एका दुकानदारानं माल मागितला. एमआयडीसीतल्या कामगारांच्या बायकांना घरी वाळवण घालायला जागा नाही, त्या विकत घेतात. पण दुकानदाराची अट होती, धंद्याची रीतसर नोंदणी हवी आणि पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव हवं. हनुमंत स्वतः कंपनीत, त्याला दुसरा धंदा आपल्या नावावर नको होता. म्हणून जोडधंदा प्रतिभाच्या नावावर करायचं ठरलं. नाव काय, तर 'सौभाग्य गृहउद्योग'. हे नाव काढलं अनसाबाईनं. त्या वेळी स्वप्नाली तिथंच भाकरी थापत होती. तिनं कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तव्याकडं बघत म्हणाली, "आत्या, पाकिटावर बारीक अक्षरात माझं नाव घातलं तर चालंल का?"

अनसाबाई म्हणाली, रुखवतावर विधवेचं नाव कुणी बघितलंय का, येड लागलं का तुला. हनुमंतानं ताटातून वर बघितलं नाही. स्वप्नालीनं भाकरी उलटली.

सोमवारी हनुमंत, प्रतिभा आणि स्वप्नाली नोंदणीसाठी शिरूरला गेली. स्वप्नालीला बाजारातून साबुदाणा आणायचा होता, ती सेवा केंद्राच्या बाहेर पिशव्या घेऊन थांबली. आत रोहन नावाचा पोरगा कॉम्प्युटरवर बसला होता. त्यानं विचारलं, भागीदारी का एकट्याची मालकी? हनुमंत म्हणाला, एकट्याची. मग रोहननं समजावून सांगितलं की यात धंदा वेगळा आणि मालक वेगळा असं नसतं, जो करतो तोच मालक, नफाही त्याचा आणि जबाबदारीही त्याचीच. प्रतिभाचं आधार घेऊन त्यानं सगळं भरलं आणि शेवटी जाहीर करायचं ते वाचून दाखवलं, हा व्यवसाय मी स्वतः करते, वरची माहिती खरी आहे. प्रतिभाच्या मोबाईलवर ओटीपी आला.

रोहन म्हणाला, "सांगा, वहिनी."

प्रतिभानं मोबाईल पालथा घातला. काचेतून तिला बाहेर जाऊ दिसत होती. उन्हात, दुकानाच्या सावलीलाही नाही, कारण सावलीत दोन नटलेल्या बायका उभ्या होत्या आणि कुणाच्या शुभकामात आपण आडवं नको म्हणून ही लांब सरकली होती. सवयच ती. प्रतिभाला एकदम भडभडून आलं.

"मी न्हाई सांगणार," ती म्हणाली.

हनुमंत कानाशी वाकून कुजबुजला की लोकांत तमाशा नको, मागं गिऱ्हाइकं थांबलीत. तिनं ऐकलं नाही. "अहो, तिचं कष्ट, आन् ओटी माझी भरतात. इतके दिस मी ती भरून घेतली. आता सरकारला बी खोटं सांगू का? आपल्याला लाज कशी वाटत न्हाई वं?"

हनुमंत धंदा बसेल, असं काहीतरी पुटपुटला. पण त्याचा चेहरा पडला होता. भावाच्या तेराव्याला यानंच चारचौघांत म्हटलं होतं की स्वप्नालीला या घरात काही कमी पडू देणार नाही. खायला कमी पडलं नाही, हे खरं. तो उठला, बाहेर गेला आणि भावजयीच्या हातातल्या पिशव्या घेऊन म्हणाला, "आत चल. तुझं आधार हाय ना संगं?"

नोंदणी स्वप्नालीच्या नावावर झाली. 'सौभाग्य' काढून तिचंच नाव धंद्याला दिलं. घरी अनसाबाईनं थोरल्या सुनेशी बोलणं टाकलं. तुझ्या चांगुलपणानं चूल विझंल, एवढं एकदाच म्हणाली.

आणि झालं तसंच, थोडंफार. गावात कुजबुज पसरली, लग्नाच्या दोन मोठ्या ऑर्डरी गेल्या. कारेगावचा दुकानदार मात्र माल घेत राहिला. खाणाऱ्याला खुसखुशीत लागलं म्हणजे झालं, असा त्याचा हिशेब.

मग दौंडची ती ओटी भरणारी बाई आली, सामान न्यायला. शिकलेली, शाळेत मास्तरीण. पाट्या बांधून तयार होत्या, रंगीत पापड, फुलांच्या आकाराच्या कुरडया. गाडीचा आवाज आला तशी स्वप्नाली सवयीनं मागच्या जिन्याकडं वळली, पण प्रतिभानं तिचा दंड धरला तो सोडलाच नाही. बाईंनी पाकिटावरचं नाव वाचलं, मोकळ्या कपाळाची स्वप्नाली बघितली, आणि सगळं उमगलं. त्या ओशाळल्या. खरंच ओशाळल्या, वाईट बाई नव्हत्या त्या. म्हणाल्या, "माझं तसं काही नाही हो, मी हे मानत नाही. पण वरपक्षाकडचे लोक... तुम्ही असं करा ना, ही नावाची चिठ्ठी तेवढी काढून द्या. माल मी नेते."

सगळे स्वप्नालीकडं बघायला लागले. एवढी एक ऑर्डर गेली की हंगाम हातचा गेला, हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. मग ती म्हणाली, "न्हाई बाई. नाव काढून मी लई दिस बसले गोठ्यात. न्यायचं आसंल तर नावासकट न्या."

बाई रिकाम्या हातानं गेल्या.

मग अनसाबाई उठली. गुडघ्यावर हात देत पाट्यांपाशी आली आणि खाली बसली. ती स्वतः ऐन तिशीत विधवा झालेली, दोन्ही लेकांच्या हळदीला मागच्या दारात बसलेली, रुखवताला तिनं जन्मात कधी बोट लावलं नव्हतं. तिनं वरची कुरडई उचलली, उन्हाकडं धरून बघितली.

"मी जल्मभर गप बसले, म्हून ह्या पोरीला गप बसवायला मला जोर आला," ती म्हणाली. "चूल पेटवा. आज घरीच तळू."

दौंडचं लग्न थाटात झालं. बाईंनी शहरातल्या एका मोठ्या दुकानातून तयार रुखवत आणलं, चकचकीत कागदात बांधलेलं. वरपक्षानं वाहवा केली. ते कोणत्या बाईनं केलं, तिला नवरा आहे का नाही, हे मांडवात एकानंही विचारलं नाही. मीही त्या पंगतीत होतो, आणि दोन कुरडया खाऊन आलो.