बांधतोय

पोर्ट सईदच्या धक्क्याला जहाजं बांधायचं काम मी आणि बदावी एकाच होडीतून करतो. आमच्या अरबी बोलीत ‘बांधतो’ आणि ‘बांधतोय’ला एकच शब्द चालतो, म्हणून बदावी वायरलेसवर कप्तानाला इंग्रजीतही ‘आय टाय’ एवढंच सांगायचा. एकदा कप्तानाला वाटलं, बांधून झालं. त्याने दोर ओढला आणि बदावी थेट पाण्यात पडला.

त्याची सासू फिरदौसबाई इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. “अहो जावईबापू, ‘अ‍ॅम’ खाल्लंत, ‘इंग’ गिळलंत, मग बुडणार नाही तर काय?” असं म्हणून तिने त्याला कामाला लावलं. महिनाभर हा गडी कांदा सोलतानाही ‘आय अ‍ॅम पीलिंग’ म्हणायचा आणि आम्ही हसून लोळायचो.

मग एका वादळी सकाळी भलंमोठं जहाज आलं. दोराचा फास अर्धाच खुंट्यावर चढला होता, माझी बोटं आत होती, आणि वर दोर ओढायचं यंत्र घरघरू लागलं.

बदावी वायरलेसवर ओरडला, “नो! वी आर टाइंग! वी आर टाइंग!”

यंत्र थांबलं. कप्तानाचा आवाज आला, “ओके, आय अ‍ॅम वेटिंग.”

मी बोटं काढली, दहाच्या दहा. बदावीने फास नीट बसवला.

घरी सगळं ऐकून फिरदौसबाईने खिडकी उघडली आणि अख्ख्या गल्लीला सांगितलं, “माझा जावई पास झाला हो!”