रस्त्याकडे पाठ

घरांचे नकाशे काढण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. त्यामुळे घर कसं असावं हे मला कळतं, असा माझा समज होता. शालूने तो दहा मिनिटांत मोडला.

शालू हडपसरपलीकडच्या गावातली. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. ती स्वतः खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत साफसफाईला. राहायला पत्र्याची खोली, आणि सोबत सासू, सोजरबाई. गेल्या एप्रिलमध्ये सोजरबाई भर दुपारी चुलीपुढेच भोवळ येऊन पडल्या. पुढचा उन्हाळा या पत्र्याखाली काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि त्याच आठवड्यात शालू माझ्याकडे आली. ऐपत दोन खोल्यांची, तीही ओढूनताणून.

मी रस्त्याच्या बाजूला ऐसपैस खिडकी काढली. सगळे तीच मागतात. तिने मान हलवली.

"सर, रस्ता पश्चिमेला हाय. आमच्या हापिसात पश्चिमेचे पडदे नऊ वर्षांत कुनी उघडले न्हाईत. आत एसी घुमतोय अन् काच तापलेलीच. संध्याकाळी पुसताना हात पोळतो. मला तिकडं खिडकी नको."

मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. चडफडत मी नवा कागद घेतला. पश्चिमेला मोरी आणि धान्याची खोली, म्हणजे ऊन तिथंच अडेल. दार आणि खिडक्या पूर्वेला अन् उत्तरेला. दक्षिणेला छज्जा. स्लॅबवर पांढरा चुना. विटा आडव्या न लावता उभ्या लावायच्या आणि मध्ये पोकळी ठेवायची. उष्णता आत यायला वेळ लागतो, विटाही कमी लागतात. वाचलेल्या विटांच्या पैशात छज्जा निघाला.

नकाशा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. सोजरबाईंनी तो पाहिला. "घराला तोंडच न्हाई! येनाऱ्या-जानाऱ्याला पाठ दावायची व्हय? असल्या घरात मी पाय ठेवायची न्हाई."

"नका ठेवू," शालू म्हणाली. "घर असंच व्हनार."

फाटकापर्यंत मला सोडायला आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "त्यांच्यासाठीच बांधतीय, सर. त्याच आल्या न्हाईत तर काय करू?" तिने पदराने डोळे पुसले आणि विटांची ऑर्डर द्यायला गेली.

मच्छिंद्र गवंड्याचा हात चांगला आणि मनही चांगलं. घोळ मनानेच केला. शालू रोज कामावरून आली की भिंतीवर बोटाने टकटक करून बघायची. एका संध्याकाळी आवाज बद्द आला. मच्छिंद्रने पोकळीत खडी-सिमेंट भरलं होतं, तेही पदरमोड करून.

"ताई, पोकळ भिंतीत म्हातारं मानूस ठेवायचं? मला झोप येईना."

शालूने त्याला आधी चहा दिला. "माया कळली, दादा. पन तुमच्या मायेनं भिंत तापंल. तीन थर उतरवा."

मी मध्ये पडून सांगितलं की अशा भिंती उभ्या राहतात, मी पाहिल्यात. मच्छिंद्र दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी आला आणि त्याने थर उतरवले. पुढे पाणी मारायला शालू रोज पहाटे स्वतः उठायची.

मार्चअखेर जुन्या खोलीशेजारीच घर झालं. सोजरबाई पत्र्याखालीच बसून राहिल्या. शालूने आग्रह केला नाही. सकाळचं तापवलेलं दूध तेवढं तिने नव्या घरात ठेवायला सुरुवात केली. पत्र्याखाली ते दुपारपर्यंत नासायचं. संध्याकाळी तिथून आणलेल्या दुधाचा सोजरबाईंनी वास घेतला, ते चमच्याने चाखलं आणि पातेलं पुन्हा झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दूध त्यांनी स्वतःच नेऊन ठेवलं.

एप्रिलच्या मध्यावर मी गेलो. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. आत मला घाम पुसावा लागला नाही. दुधाच्या पातेल्याशेजारी खाट होती आणि खाटेवर सोजरबाई. शालू उंबऱ्यात उभी होती, तोंडावर पदर धरून. हसत होती की रडत, मला कळेना.

"राहायला आलात वाटतं?" मी विचारलं.

"राहायला कशाला? मांजराचं भ्या हाय. दुधाला राखन नको?"

मी तिथे दोन तास बसलो. मांजर काही दिसलं नाही. तसं मी बोललो नाही, पुणेकर असूनही.