कडूच्या काट्यावरचे तीन किलो

मी मगरीच्या पाठीवर बसून तापी ओलांडली होती, ही गोष्ट आमच्या गावात शेंबडी पोरंही सांगतात, आणि सांगताना एकमेकांना डोळे मारतात. मगर खरी होती. शेपटी मी जरा लांबवली असेन. पण त्या रविवारी मला गावाला एकच खरी गोष्ट पटवायची होती, तीही घाईनं, आणि नेमकी तेव्हा ती मगर माझ्या बोकांडी बसली.

जैनाबादच्या पुढचं आमचं गाव केळीचं. गेल्या वर्षी नर्स पूर्णिमाताईंनी गावाची साखर आणि वजन तपासलं आणि कपाळाला हात लावला. निम्मं गाव गरजेपेक्षा जड निघालं. मग गावानंच ठरवलं : पहाटे केळीच्या शेवटच्या बांधापर्यंत चालायचं, तेल अर्धं, चहा बिनसाखरेचा, बुऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारातली मावा जिलेबी बंद. दर रविवारी वजन करायचं आणि ते केळीच्या शेडच्या भिंतीवर, काळ्या फळ्यावर, सगळ्यांदेखत लिहायचं. लिहायचं काम माझ्या बायकोकडे, विमलकडे. नवऱ्यालाही सोडत नाही ती बाई.

दवाखान्याचा वजनकाटा माझ्या मेहुण्यानं पाय ठेवताच स्वर्गवासी झाला. त्याची स्प्रिंग उडाली ती थेट तापीत सापडली. म्हणून माणसंही केळीच्याच काट्यावर चढायची. चाळीस वर्षं त्या काट्यावर कडू बसतो. आकडा त्याच्याच बाजूला दिसतो. एरवी पूर्णिमाताई त्याच्याजवळ उभ्या राहून स्वतः आकडा वाचायच्या. त्या रविवारी त्यांचं बुऱ्हाणपूरला ट्रेनिंग होतं. कडू एकटाच पुकारत होता.

फळ्यावर एक नाव लाल खडूनं होतं : मृणाल. गोदाबाईची सून, पंकजची बायको, आठवा महिना लागलेला. पहिलं बाळ तिचं आठव्यातच गेलं होतं. तिच्या नावापुढे ताईंनी लिहून ठेवलं होतं, ‘आठवड्यात एक किलोच्या वर वाढ झाली तर थांबू नका, बुऱ्हाणपूरला न्या.’ बाईच्या अंगात पाणी भरतं, रक्तदाब चढतो, आणि मग आई-बाळ दोघंही हातचे जातात, असं त्यांनी गोदाबाईला तीनदा समजावलं होतं.

“एकोणसत्तर!” कडू ओरडला. गोदाबाई तीन किलोनं घटली होती. टाळ्या पडल्या. जो चढेल तो घटलेला. मी चढलो.

“ब्याऐंशी!”

मागच्या रविवारी चौऱ्याऐंशी. विमलनं माझ्याकडे असं पाहिलं, की तसं लग्नातही पाहिलं नव्हतं. कुणीतरी माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली.

मग मृणाल चढली.

“साडेअठ्ठावन्न!”

मागच्या खेपेला अठ्ठावन्न होतं. अर्धाच किलो वाढ. गोदाबाईनं हात जोडले. पंकजनं सुटकेचा श्वास सोडला आणि पिकअप चालू केली. केळी भरलेली होती, रावेरला जायचं होतं. ती गेली की संध्याकाळपर्यंत गावात दुसरी गाडी नाही.

मृणाल माझ्या शेजारी क्रेटवर टेकली. चपला तिच्या हातात होत्या.

“पायात का नाही घालत गं?”

“जातच नाहीत आबा.” तिच्या मनगटात बांगडी रुतली होती. “आणि डोकं सकाळपासून ठणकतंय. फळ्यावरचं धूसर दिसतंय.”

“पोटुशी बाई, पाय सुजणारच,” गोदाबाई म्हणाली. “वजन तर बरोबर आहे ना? मग झालं.”

मला जिलेबी आठवली. मंगळवारी आणि शुक्रवारी मी डोळ्याचं औषध आणायला म्हणून बुऱ्हाणपूरला गेलो होतो, आणि इतवाऱ्यात कढईसमोर उभं राहताच माझे डोळे ठणठणीत झाले होते. दोन्ही वेळा पावपाव किलो. वरून रबडी. मग मी दोन किलोनं घटलो कसा? आणि मी घटलो नसेन, तर मृणालचं काय?

मी माळ काढून पिकअपसमोर उभा राहिलो.

“पंकज, गाडी बंद कर. वजन चुकलंय.”

“आबा, टाइमपास नका करू. माल पिकतोय.”

“मी जिलेबी खाल्लीय!”

शेडमध्ये हशा पिकला. “मगरीबरोबर खाल्ली का?” कुणीतरी विचारलं.

“अर्धा किलो. या आठवड्यात. मी घटूच शकत नाही!”

विमलच्या हातातला खडू मोडला. “अहो, डोळ्याचं औषध?”

“डोळ्याला काही झालेलं नाही. नंतर मार मला. आधी हिचं वजन बघा.”

कडू उठला. त्याचे कान लाल झाले होते. “निंब्या, चाळीस वर्षांत एका व्यापाऱ्यानं माझ्या आकड्यावर बोट ठेवलं नाही. तू मला खोटा पाडतोस? तू?”

“ताईंना फोन लावा,” मी म्हणालो. विमलनं लावला. बंद. ट्रेनिंगमध्ये असणार.

पंकजनं हॉर्न वाजवला. “आबा, सरका. सही में उशीर होतोय.”

मृणालनं कपाळ दोन्ही हातांनी दाबलं होतं. तिनं डोळे मिटले. आयुष्यभर लोकांना थापा पटवल्या, आणि आता खरं बोलतोय तर एक माणूस ऐकत नव्हता. कोपऱ्यात युरियाची गोणी दिसली. शिवण न सुटलेली, वर ठळक छापलेलं : पंचेचाळीस किलो. या वयात ती मी एकट्यानं ओढली. उचलली म्हणणार होतो, पण आज खरंच सांगायचं ठरवलंय. धप्पकन काट्यावर ढकलली.

“कडू, पुकार!”

पंकज मला बाजूला ओढायला गाडीतून उतरून आला होता. कडूच्या खांद्यावरून त्याची नजर आकड्यावर गेली.

“पंचेचाळीस,” पंकज म्हणाला.

“बेचाळीस!” कडू त्याच क्षणी ओरडला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कडूनं आकड्याकडे पाहिलं. मग तो हळूच खाली बसला.

“दांडा,” तो म्हणाला. “मी दांडा काढला.”

केळीचा घड दांड्यासकट तोलतात. दांडा काही कुणी विकत घेत नाही, म्हणून आकडा पुकारण्याआधी दर तोलाला तीन किलो वजा. चाळीस वर्षं कडूचं तोंड हेच करत आलं होतं, त्याला न विचारता. काटा चोख होता. सकाळपासून त्यानं अख्ख्या गावाचा दांडा काढला होता.

विमल फळ्याकडे वळली. साडेअठ्ठावन्नच्या खाली तिनं तीन लिहिले, बेरीज केली आणि खडू खाली ठेवला. साडेएकसष्ट. आठवड्यात साडेतीन किलो.

पंकजनं पिकअपचं फाळकं उघडलं आणि रावेरचा माल धडाधड मातीत फेकायला सुरुवात केली. पाठोपाठ सगळं गाव.

मृणालला गोणपाटांवर निजवलं, डोकं गोदाबाईच्या मांडीवर. विमल आणि मी पायाशी. गाडी तापीच्या पुलावर आली तेव्हा गोदाबाईचे ओठ नुसते हलत होते.

“आबा,” मृणाल डोळे मिटूनच म्हणाली, “मगरीची गोष्ट सांगा.”

“पोरी, मगर नव्हती ती. ओंडका होता.”

“माहीत आहे. तरी सांगा.”

सांगितली. पूल लांब आहे. त्या दिवशी मगरही तेवढीच लांब झाली.

बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला आणि तिला तडक आत नेलं. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाल्या, “संध्याकाळी आणली असती तर मी काही सांगू शकले नसते.” दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. एक किलो आठशे. तीन आठवडे काचेच्या पेटीत राहिली आणि आईबरोबर घरी आली.

आता रविवारी आकडा पूर्णिमाताई वाचतात, आणि त्या नसल्या तर पंकज. कडू शेजारी तोंडावर हात ठेवून बसतो. विमलनं माझे ब्याऐंशी खोडून तिथे पंच्याऐंशी लिहिले, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, आणि डोळ्याचं औषध आणायला ती स्वतः जाते. मला पहाटे बांधापर्यंत दोनदा चालावं लागतं.

पंकज रावेरच्या बाजारात सांगतो, की आबांच्या जिलेबीनं माझी बायको वाचली. लोक ऐकून घेतात आणि विचारतात, “तू त्या मगरवाल्या निंबाआबाच्या गावचा का रे?”