पोचेवरची सही

अंगठ्याच्या रेघांत शाई भरली होती, आणि तुलसाबाईला वाटत होतं, हा अंगठा आपला नाहीच – कुणीतरी तो हाताला जोडून दिलाय, कागदावर टेकला की झालं... घर तर गेलंच होतं. नवरा वारल्यावर ती धाकट्या भावाकडे राहायला आली, गोंदियातलं घर कुलपात राहिलं, घरपट्टी थकली आणि म्युनिसिपल कमिटीने त्याचा लिलाव केला. थकबाकी, खर्च कापून उरलेले तीनशे तेरा रुपये कचेरीत तिच्या नावावर पडून होते. मागायची मुदत आज संपत होती.

"ओळख कोण देणार?" कारकुनाने विचारलं.

"मी. भाऊ आहो मी तिचा," लखनलाल म्हणाला. "नोटीसच नाही आली बाबूजी. आली असती तर काऊन भरलं नसतं?"

"आली होती, तुमच्याच गावच्या पत्त्यावर. ही पोच. सही आहे खाली." कारकुनाने फाईल तिच्यापुढे सरकवली.

लखनलाल खिडकीबाहेर बघू लागला.

तिला वाचता येत नव्हतं. पण ते पहिलं अक्षर... आई गेली तेव्हा लखन सहा वर्षांचा, तिच्या पायाशी पाटी घेऊन बसायचा, आणि त्याच्या 'ल'ची शेपटी दर वेळी उलटी वळायची. गुरुजींनी छडीने बोटं सुजवली तेव्हा तीच शाळेत जाऊन भांडली होती – लिहू द्या त्याला तसाच! तसाच 'ल' त्या पिवळ्या कागदावर होता.

भादव्यात घरपट्टीचे पैसे तिने त्याच्याच हातात दिले होते. त्याच भादव्यात त्याची पोर शामकला तापाने फणफणली, दोनदा डॉक्टर आला, सुया टोचल्या... पैसे कुठून आले, कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. मला तर पोर वाचायला हवी होती – अजून माझ्याच कुशीत झोपते ती. आणि आता बोलले, तर ओळख कोण देईल? परत जायचं कोणत्या घरी?

"काय बाई? मारा अंगठा, नाही तर राहू द्या."

तिने अंगठा टेकवला. लखनलालने टाक घेतला आणि सावकाश, जपून सही केली. त्याचा 'ल' आज सरळ होता. गुरुजींना हवा होता तसा.

परतताना दमणीचे बैल तोच हाकत होता. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. पैसे तिच्या कमरेला होते. त्याने हात लावला नव्हता.

"बाई," बऱ्याच वेळाने तो मागे न बघता म्हणाला, "काही बोलून नाही राहिली तू?"

"काय बोलू?"

त्याची मान ताठ झाली. तो वाट बघत होता – एका शिवीसाठी, एका प्रश्नासाठी... एवढा वेळ तिला वाटत होतं, अडकलो ते आपणच. आता कळलं, आपण एक शब्द बोललो तर हा सुटेल, इथेच बैल थांबवून लहानपणासारखा रडेल. शब्द ओठांपर्यंत आला होता. आणि लखन सुटावा असं आपल्यालाच वाटत नाही, हेही तिला कळलं, आणि ती स्वतःलाच घाबरली.

"हाक ना," ती म्हणाली. "ऊन लागून राहिलं."