दारावरच्या दोन थापा

आमचे भावजी चंद्रमौळी राव यांनी एकेचाळीस वर्षं गुरांची लॉरी चालवली. त्या एवढ्या वर्षांत त्यांच्या लॉरीत एकही जनावर पडलं नाही, असं कुंभकोणमच्या आसपासच्या गावांत सांगतात. मी शाळामास्तर. 'एकही नाही' असं कुणी म्हटलं की मला शंका येते. म्हणून मी एकदा भावजींनाच विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, तीन पडली. मग तिन्हींची गावं सांगितली, मालकांची नावं सांगितली, आणि कुठल्या वळणावर पडली तेही सांगितलं. त्यातलं एक वळण आता राहिलेलंच नाही, तिथून रुंद रस्ता गेलाय, पण भावजींच्या डोक्यात ते अजून तसंच आहे.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतबहिणीचे यजमान. तमिळ मुलखात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आमच्या मराठी घराण्यांत कुणी कारकून, कुणी वैद्य, कुणी माझ्यासारखा मास्तर. लॉरी चालवणारे ते एकटेच. लग्नकार्यात कुणी त्यांना काय करता विचारलं की माझी बहीण घाईघाईने 'वाहतूक' म्हणायची आणि भावजी शांतपणे 'गाई-बैलांची' असं पुढे जोडायचे.

मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेलो तो अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात. शाळेला सुट्टी होती आणि त्यांच्या जोडीच्या माणसाला कावीळ झाली होती. तिरुत्तुरैपूंडीच्या बाजूला उंबळाचेरी जातीच्या सहा गाई आणायच्या होत्या. पुढे लांब नाक असलेली जुनी लॉरी होती ती. सुकाणू फिरवायला दोन्ही खांदे लागायचे, आणि माझ्या बाजूचं दार काथ्याच्या दोरीने बांधलेलं होतं. भावजी गाईंशी तमिळमध्ये गोड बोलायचे आणि लॉरीला मराठीतून शिव्या द्यायचे.

त्या काळी लोक एका लॉरीत दहा-बारा जनावरं कोंबत. भावजी सहाच्या वर घेत नसत. तळाला आधी नदीची वाळू, तिच्यावर भाताचा पेंढा. चढवायला फळी नव्हती. ते लॉरी कालव्याच्या बांधाला पाठ लावून अशी उभी करत की बांध आणि लॉरीचा तळ एका पातळीत यावा. गाई मग गोठ्यात शिराव्यात तशा चालत आत जात.

सहाही आत गेल्या, मागे आडव्या दांड्यांचे आडणे घातले, आणि भावजींनी लॉरी रस्त्याकडे न नेता रिकाम्या खळ्यात वळवली. मला वाटलं, काहीतरी विसरले. खळ्याच्या कडेकडेने ते बैलगाडीच्या चालीने निघाले. उजवा हात खिडकीबाहेर काढून दारावर तळव्याने दोन थापा मारल्या आणि मग ब्रेक दाबला. मागे खुरांची धांदल झाली, एक अंग फळ्यांवर आपटलं. लॉरी पुन्हा चालली. दोन थापा, ब्रेक. पुन्हा तेच. सहाव्या-सातव्या खेपेला मागून काहीच आवाज आला नाही. मी मागच्या जाळीतून पाहिलं. दारावरची थाप ऐकताच त्या सहाही गाईंनी पुढचे पाय फाकवले, माना खाली घातल्या आणि धक्क्याची वाट पाहत उभ्या राहिल्या.

"झाला पाठ," भावजी म्हणाले आणि रस्त्याला लागले.

माझ्या तिसरीच्या वर्गाला तेव्हा साताचा पाढा वर्षभरात येत नव्हता. हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं मी त्यांना विचारलं. पहिल्या वर्षी पडली त्या गाईने, असं ते म्हणाले.

पुढे चौतीस वर्षं मी मुलांना शिकवलं आणि मनातल्या मनात कितीतरी वेळा त्या खळ्यात जाऊन आलो. पण त्या दोन थापांमधलं खरं मर्म मला कळलं ते यंदा, संक्रांतीनंतर, भाताची कापणी उरकल्यावर.

भावजी आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. दोन्ही डोळ्यांची नजर गेल्यात जमा आहे, सहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःहून सुकाणू सोडलं. त्यांची नात कीर्ति सत्तावीस वर्षांची. तिने जड वाहनाचा परवाना काढला, दोन वर्षं भट्टीच्या विटा वाहिल्या आणि मग जाहीर केलं की आता मी आजाचं काम करणार. घरात बराच गदारोळ झाला. भावजी एवढंच म्हणाले, की विटा तक्रार करत नाहीत, हे लक्षात ठेव.

तिला पहिलं काम आलं तेही भावजींच्या नावावर. तिरुप्पनंदाळजवळ सीतालक्ष्मी अम्मा म्हणून एक शेतकरीण आहेत. वय सत्तरच्या आसपास, गुडघे गेलेले. जमीन कसायला देऊन त्या साक्कोट्टैला बहिणीकडे राहायला निघाल्या होत्या, आणि सहा गाई बरोबर नेणार होत्या. त्यांतली एक सात महिन्यांची गाभण. आदल्या वर्षी भाड्याच्या एका गाडीत त्यांची गाय गतिरोधकावर पडून तिचं कमरेचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून त्यांचा गाड्यांवर विश्वास नव्हता. चंद्रमौळी राव येत असतील तर ठीक, नाहीतर मी सगळ्या चालवत नेईन, असा त्यांचा निरोप होता. त्या बाजूची माणसं गुरांच्या बाबतीत अम्मांचा शब्द मानतात. त्यांनी कीर्तिच्या लॉरीतून गाई नेल्या तर चार गावं तिला बोलावणार होती. नाही नेल्या, तर तिला पुन्हा विटाच.

आम्ही तिघं सकाळी पोचलो. कीर्तिने लॉरी कालव्याच्या बांधाला नेमकी लावली. वाळू होती, पेंढा होता. अम्मांनी ते पाहिलं, मान हलवली, आणि मग सुकाणूवरून कोण उतरलं ते पाहिलं.

"चालवणार कोण?"

"ही. माझी नात," भावजी म्हणाले.

"मी तुम्हाला बोलावलं होतं."

"मी आलोय की. पण अम्मा, मला समोरची बस दिसते ती अंगावर आल्यावर."

अम्मा हसल्या नाहीत. नातीला बस दिसते एवढ्यावर गाई तिच्या हाती द्यायच्या का, असं त्यांनी विचारलं. शेवटी अम्मांनीच तोडगा काढला. गाई चढवा, या खळ्यात फिरवा, मी बघते. एकीचाही गुडघा टेकला तर उतरवायच्या आणि मी चालत निघणार.

गाई चढल्या. कीर्तिने लॉरी खळ्यात घेतली, काच खाली केली, दारावर दोन थापा, ब्रेक. हुबेहूब भावजींसारखं. लहानपणी ती त्यांच्या शेजारी बसून शेकडो वेळा गेली होती. पहिल्या खेपेला मागे गोंधळ झाला, तो व्हायचाच. दुसऱ्या खेपेलाही झाला. पाचव्या खेपेलाही तेवढाच होता. सहाव्या खेपेला गाभण गाय पुढे घसरली आणि तिचा गुडघा वाळूला लागता लागता राहिला.

अम्मांनी हात वर केला. "उतरवा."

कीर्ति लॉरी परत बांधाला लावून खाली आली. ती माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "मास्तरआजा, मी सगळं आजासारखंच केलं." ते खरं होतं. मीही पाहत होतो आणि मलाही चूक सापडत नव्हती.

लॉरीच्या कडेला हात लावत लावत भावजी मागे गेले, चपला काढल्या आणि बांधावरून आत शिरले. गाभण गाईपासून लांब, दुसऱ्या टोकाला, दोन गाईंच्या मधे उभे राहिले. कशाचा आधार घ्यायचा नाही म्हणून हात पाठीमागे बांधले.

"हे काय करताय? पडलात तर?" अम्मा म्हणाल्या.

"पडलो तर मलाही उतरवा."

अम्मांच्या तोंडावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. एक फेरी, असं त्या म्हणाल्या. कीर्ति मात्र सुकाणूला हात लावायला तयार नव्हती. मी तिला म्हटलं, शिकणारा वर्गात येऊन बसलाय, आता शिकवणाऱ्याला जाऊन चालणार नाही. ती चढली, मी तिच्या शेजारी बसलो.

दोन थापा, ब्रेक. मागे धप्प आवाज झाला. मी जाळीतून पाहिलं तर भावजी शेजारच्या गाईच्या पाठीवर पालथे पडले होते आणि ती गाय मान वळवून त्यांच्याकडे बघत होती. ते उठले, धोतर झटकलं, आणि जाळीशी तोंड आणून म्हणाले, "अगं, तू सांगतेस आणि लगेच ढकलतेस. सांगितलेलं पायापर्यंत पोचू दे."

"म्हणजे किती थांबू?"

"माझ्या पायांना विचार."

मग आमचा खरा वर्ग भरला. कीर्ति थापा मारायची, क्षणभर थांबायची, ब्रेक दाबायची, आणि मागून भावजींचा आवाज यायचा. लवकर. अजून लवकरच. आता फार उशीर केलास, त्या विसरल्या. मग एकदा नुसतं 'हं'. पुढच्या खेपेलाही 'हं'. ते थांबणं मोजायला गेलो तर एका श्वासाएवढं होतं. कीर्ति इतकी वर्षं भावजींच्या शेजारी बसली, पण पुढे. तिथे थाप आणि ब्रेक एकच वाटतात. मलाही अठ्ठ्याहत्तर सालापासून ते एकच वाटत होतं. आणि मी मात्र मुलांना प्रश्न विचारून पुढच्याच क्षणी 'येत नाही ना?' असं किती वर्षं म्हणत आलो होतो.

बाराव्या खेपेला मागे शांतता होती. सहा गाई आणि एक म्हातारा, सगळे पाय रोवून उभे. हात पाठीमागेच.

अम्मांनी आपली पिशवी उचलली आणि केबिनमध्ये चढून माझ्या शेजारी बसल्या. भावजींना पुढे या म्हटलं तर आले नाहीत. सहांना कळलंय, सातव्याला अजून थोडी शंका आहे, तो मागेच बरा, असं ते म्हणाले.

चोळपुरम गेलं, रस्त्यावर रहदारी वाढली. कीर्ति बेताने चालवत होती. मागच्या बसवाल्याने भोंगा वाजवून वाजवून जीव नकोसा केला, तिने त्याला हाताने पुढे जायची खूण केली. अम्मा रस्त्याकडे बघतच नव्हत्या, त्यांचे कान मागे होते. कावेरीचा पूल ओलांडून आम्ही कुंभकोणम गावात शिरलो. एका गल्लीच्या अलीकडे कीर्तिने एकदम दारावर दोन थापा मारल्या. मला समोर काहीच दिसत नव्हतं. रस्ता मोकळा. एक श्वास गेला, ब्रेक लागला, आणि तेवढ्यात गल्लीतून एक मोपेड बाहेर आली, तिच्यावर झावळ्यांचा भला मोठा भारा, आणि भाऱ्याखाली कुठेतरी चालवणारा. तो आमच्या नाकासमोरून आडवा निघून गेला.

"तुला तो दिसला कुठून?" अम्मांनी विचारलं.

"तो नाही दिसला. झावळीची टोकं भिंतीवरून हलताना दिसली," कीर्ति म्हणाली. "मागच्यांना एक श्वास द्यायचा तर मला तेवढं आधी बघायला नको का?"

तेव्हा मला भावजींची ती एकेचाळीस वर्षं उलगडली. तो श्वास गाईंना द्यायचा म्हणून ते जन्मभर सगळं एक श्वास आधी बघत आले होते. कुणी त्यांना संथ म्हणायचं, कुणी भित्रा म्हणायचं. माझी बहीणही म्हणायची, बैलगाडीने गेलो असतो तर लवकर पोचलो असतो.

मागून जाळीतून आवाज आला. काय झालं, असं भावजी विचारत होते. मी सांगितलं. ते "हं" म्हणाले.

अरसलार नदीचा पूल ओलांडून साक्कोट्टैला पोचलो. कीर्तिने शेताच्या बांधाला लॉरी लावली. एकेक गाय उतरली तशी अम्मांनी खाली वाकून, गुडघे दुखत असूनही, तिच्या चारही पायांवरून हात फिरवला. गाभण गाईपाशी त्या जास्त वेळ थांबल्या. सगळ्यांत शेवटी भावजी उतरले. एक पाय ओढत होते आणि कोपर खरचटलं होतं.

"सहा धड आल्यात. सातवा जरा लंगडतोय," अम्मा म्हणाल्या.

त्यांच्या बहिणीने ताक आणलं. आम्ही ओट्यावर बसलो. अम्मा भावजींशी जुन्या गुरांबद्दल बोलत होत्या, पण जे बोलायचं होतं ते त्या कीर्तिकडे वळून बोलल्या. इथल्या एका शेजाऱ्याची बैलांची जोडी पुढच्या आठवड्यात नाचियारकोविलला न्यायची आहे. येशील का? कीर्तिने भावजींकडे पाहिलं.

"त्या सातव्याकडे काय बघतेस? त्याला घरी ठेव. तो कशाला उभा राहतो आता मागे," अम्मा म्हणाल्या. "तुझा नंबर दे."

अम्मांकडे मोबाइल नव्हता, कागदही सापडेना. बहिणीने चुलीतला कोळसा आणून दिला आणि कीर्तिने गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. भावजी भिंतीच्या दिशेला तोंड करून बसले होते, पण त्यांना तिथे काही दिसणं शक्य नव्हतं.

"मास्तर, काय लिहिलंय वाचा," ते मला म्हणाले.

मी आकडे वाचून दाखवले.

"आणि वर नाव? माझं लिहिलंय?"

"नाही. कीर्ति, गुरांची लॉरी, असं लिहिलंय."

भावजींनी ताकाचा पेला दोन्ही हातांत धरला, सावकाश सगळं प्याले आणि पेला पुढे करून अजून थोडं मागितलं.